मागच्या शेगडीवरचं पाणी

४ फेब्रुवारी

चि. ________ हिस,

मोकळी जागा तशीच राहू दे. ‘सूनबाई’ लिहिलं तर कोर्टाचा अवमान होतो, नावाने मी तुला कधी हाक मारली नाही, आणि ‘डॉक्टर’ लिहिलं तर तू पाकीट न फोडताच फेकून देशील. मी इथे पेन हातात धरून अडून बसलेली बघून हे म्हणाले, “नुसते आशीर्वाद लिही. पत्ता बरोबर असला की पुरे.” तेव्हा अनेक आशीर्वाद.

फोन का केला नाही, असं विचारू नकोस. दीड वर्ष तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर मी रडेन आणि तू गप्प राहशील. त्यापेक्षा कागद बरा.

इकडे सगळं ठीक. आपल्या लॅबच्या कोल्ड रूमचं दार अजून लाथ मारल्याशिवाय लागत नाही. तुझ्या टेबलावर नवीन कुणी बसलेलं नाही, कारण मी बसू देत नाही. ह्यांनी ऐकायचं यंत्र घेतलं आणि कपाटात ठेवलं. स्वतःच्या निवृत्तीनंतर स्वयंपाकाचा ताबा त्यांनी घेतलाय, आणि मी घरी पाहुणी झाले आहे. आमचे चिरंजीव महिन्यातून एकदा येतात, जेवतात, मोबाईल बघतात, जातात. त्याच्याविषयी यापुढे एक ओळही लिहिणार नाही. तुमचं काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

एक सहज विचारते. आपले ते उजेड पाडणारे जंतू रात्रभर ठेवले की सकाळपर्यंत उपाशी होतात आणि चमकत असतात. ताजं खाणं मिळालं की विझतात. तुझा पहिला फ्लास्क, ज्याला काहीच त्रास द्यायचा नाही तो, किती वेळात विझायचा? सहज हं.

बाकी क्षेम.

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि ते तुला माहीत आहे. सहज वगैरे काही नाही. दुसऱ्या एका लॅबने आपल्या साहेबांना लिहिलंय की तुझा प्रयोग त्यांना जमत नाही. त्यांचा पहिला फ्लास्क विझतच नाही. मग मी करून बघितला. माझाही विझत नाही. साहेब म्हणतात, मार्चअखेर कमिटी बसेल आणि तोवर जमलं नाही तर पेपर मागे घ्यायचा. कॉरिडॉरमध्ये एकजण बोलला की आकडे बसवले असतील. त्या माणसाला मी आता चहा देत नाही.

तू काय करायचीस, ते आठवून लिही. बारीकसारीक सगळं लिही.


१५ फेब्रुवारी

चि. ________ हिस,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. इथे तसंच उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही एकदा दिसेल:

“मॅडम, पेपर मागे घेत असतील तर घेऊ द्या. वहीत होतं ते सगळं पेपरमध्ये आहे, वेगळं काही करत नव्हते. माझंच काहीतरी चुकलं असेल. मी आता नळाचं पाणी तपासते. त्यात चूक झाली तर निदान लगेच कळते. बाबांना नमस्कार.”

मॅडम तर मॅडम. लॅबमध्ये तू मला मॅडमच म्हणायचीस आणि घरी आई, आणि दारातून आत येताना कधी चुकून घरातही मॅडम म्हणालीस की हे हसत सुटायचे. पण बाकीचं पत्र कुणाचं आहे? ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ हे तुझं वाक्य नाही. भर तोंडी परीक्षेत परीक्षकांना ‘सर, तुमचं गणित चुकलंय’ सांगणारी मुलगी तू. मी शेजारी घाम पुसत बसले होते.

हे वाक्य तुझ्या तोंडून मी याआधी एकदाच ऐकलं आहे. तू बॅग भरत होतीस तेव्हा. त्या वेळी मी गप्प बसले, कारण घरात मी मुलाची आई होते. लॅबमध्ये मी कुणाची आई नाही. तेव्हा या वेळी गप्प बसणार नाही.

परवा साहेबांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्यांचं आयुष्य झाडांच्या पानांत गेलं, जंतू कळत नाहीत. मग तुझ्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, जंतूच्या पोटात हजारो जनुकं, म्हणजे हजारो कामांच्या सूचना. त्या वाचून उतरवून घेणारं यंत्र एकाच जातीचं. त्याला एकट्याला कळत नाही कुठून वाचायचं. त्याच्या शेजारी बसून ‘इथून वाच’ म्हणून बोट ठेवणारी बाई लागते. पुस्तकात तिला सिग्मा म्हणतात, आमच्या लॅबमध्ये तिला जाऊ म्हणतात. थोरली जाऊ सुखाच्या दिवसांतली. ती खा, वाढा, दोनाचे चार व्हा, एवढंच वाचून घेते. उपासमार झाली, मीठ वाढलं, थंडी पडली की धाकटी पुढे येते, थोरलीला म्हणते, ‘सरका जरा’, आणि यंत्राकडून दुसरीच पानं वाचून घेते. भिंती जाड करा, साठवण करा, वाढ थांबवा, जीव धरून राहा. आम्ही त्या पानांत एक उजेडाचं जनुक घालून ठेवलं. उजेड दिसला की समजायचं, धाकटी कामाला लागली.

साहेब हसले. मग त्यांनी विचारलं, “आणि सुखाच्या दिवसांत धाकटी असते कुठे?”

तुझा सगळा पेपर याच प्रश्नावर आहे. म्हटलं, असते. जंतू तिला सुखातही रोज बनवतो आणि बनवल्या बनवल्या मोडून टाकतो. संकट आलं की तिला नव्याने घडवत बसायला वेळ कुठला? फक्त मोडायचं थांबवायचं, की ती हजर. साहेब म्हणाले, “केवढी नासाडी.” तू असतीस तर त्यांच्याशी भांडली असतीस.

एक सांगते. तू गेल्यापासून मी तुला रोज एक पत्र लिहीत होते. भाजी निवडताना, आंघोळ करताना, इथे सेंट्रिफ्यूजची घरघर ऐकत बसले असताना. मनातच लिहायचं आणि मनातच मोडायचं. आता तुझ्या नावावर गदा आली, म्हणून मोडायचं थांबवलं. एवढंच झालंय. मी काही बदललेले नाही.

पुन्हा विचारते. तू काय करायचीस?


२ मार्च

चि. ________ हिस,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझी मर्जी.

मी काचेची सगळी भांडी बदलली. पाणी बदललं. मीठ नव्या डब्यातलं घेतलं. तुझ्या हाताने फ्रीजरमध्ये ठेवलेल्या कुपीतले जंतू काढले, म्हणजे जात तरी तीच. तुझी वही समोर उघडी ठेवून ओळीवर बोट ठेवत केलं. त्रास न दिलेला फ्लास्क तरीही उजेड पाडतोच आहे. पोटभर खाणं समोर असताना या जंतूंना कसलं संकट दिसतंय, तेच समजत नाही. सुखात असताना रडणाऱ्या माणसासारखे झालेत.

साहेब काल म्हणाले, “बाई, आता पुरे. निवृत्तीला महिना राहिला, शांतपणे जा.” हे तुला सांगायचं नव्हतं. हो, मार्चअखेर मीही घरी बसणार. पेपर आणि मी एकदमच मागे.

आणखी एक लपवणार होते. काल डार्क रूममधून बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की चुकलं असेल का गं खरंच तुझं? तिथल्या तिथे स्वतःचा राग आला. पण आलं मनात. तुझ्या बाजूने उभं असलेलं माणूसही असं डगमगतं, मग तू एकटी तिकडे रोज काय विचार करत असशील, ते तेव्हा समजलं. मला तुझी फार आठवण येते. लॅबमध्येही येते आणि घरीही, आणि घरी जास्त.

ह्यांनी विचारलंय की तू जेवतेस ना नीट. मी म्हटलं, मला काय माहीत, मला तरी कुठे सांगते.


९ मार्च, रविवार

ऐक. मायना राहू दे.

आज भाजी मी करत होते. ह्यांना म्हटलं, एक दिवस तरी मला माझ्या स्वयंपाकघरात येऊ द्या. भाजी शिजत होती आणि पाणी आटत आलं होतं. माझं डोकं फ्लास्कमध्ये. नळाखाली भांडं भरलं आणि ओतणार, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं.

“अगं, गार पाणी?”

“मग काय झालं?”

“मागच्या शेगडीवर गरम ठेवलंय ना.”

बघते तर खरंच, मागच्या शेगडीवर झाकण ठेवलेलं पातेलं. विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, “ती ठेवायची रोज. ती गेल्यावर मी ठेवतो.” मी विचारलं, तिला हे कुणी शिकवलं? तर माझ्याकडे बघतच राहिले.

“तूच की. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. शिजत्या भाजीत गार पाणी ओतलं की भाजी दचकते, मग पुन्हा जीव धरायला वेळ लागतो, असं म्हणालीस. मला कमी ऐकू येतं, पण तुझं ओरडणं ऐकू येतं.”

मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. लॅबमधल्या उबदार इनक्युबेटरचा खालचा कप्पा डोळ्यांसमोर आला. डावा कोपरा. तिथे कायम एक भरलेली बाटली असायची. मला वाटायचं कुणीतरी विसरलंय. ‘ही बाटली कुणाची? विनाकारण जागा अडवू नये’ अशी चिठ्ठी मीच त्या कप्प्यावर चिकटवली होती. तू चिठ्ठी काढली नाहीस, बाटली फक्त आणखी आत सरकवलीस. घरी मी बोलायचे तेव्हाही तू असंच करायचीस.

तू संध्याकाळी निघताना खाण्याची बाटली कोमट व्हायला ठेवत होतीस. हो ना? सकाळी उपाशी जंतूंना कोमट खाणं. आणि आम्ही सगळे शहाणे कोल्ड रूमच्या दाराला लाथ मारून बाटली आणतो आणि थंडगार तशीच ओततो. पोट भरलं तरी अंगावर गारठा आला. त्यांना वाटणार, संकट अजून टळलेलं नाही. मग धाकटीला मोडणार कोण? ती राहते बसून, आणि उजेड काही विझत नाही.

पेपरमध्ये तू लिहिलंस, ‘ताजं मीडियम घातलं’. बस्स. कोमट केलं, हे लिहायचं तुला सुचलंच नाही. भांडं धुऊन घेतलं असं कुणी लिहितं का? तुला वाटलं, सगळं जग असंच करतं. कारण तुझ्या सासूने तुला तसं दरडावून सांगितलं होतं. आणि ती सासू तुझ्याच शेजारच्या टेबलावर रोज गार बाटली ओतत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अजून करून बघितलेलं नाही. आत्ता जाऊन बाटली ठेवून येते. भाजी अर्धी कच्ची राहिली, ह्यांनी पुढची केली.


१७ मार्च

चि. ________ हिस,

तीनदा केलं. मगच लिहायला बसले, कारण तुला खोटी आशा दाखवायची नव्हती.

दोन फ्लास्क. एकात कोल्ड रूमची बाटली, दुसऱ्यात कोमट. डार्क रूममध्ये डोळे सरावेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. गार बाटलीचा निळसर पेटलेला. दुसरा दिसेचना. मला वाटलं, हलत्या स्टँडवर ठेवायचाच विसरले, वय झालं. हाताने चाचपून बघितलं. होता तिथेच, गरम, हलत होता, आणि अंधार. इतक्या प्रेमाने मी आयुष्यात कधी अंधाराकडे बघितलेलं नाही. मग त्यात मीठ घातलं आणि बसून राहिले, आणि हळूहळू त्याच्यात तो उजेड आला, तुझ्या आलेखात येतो तसाच. धाकटी आली. मी रडले. लिहून टाकते, तिथे बघायला कुणी नव्हतं.

तुझं काही चुकलेलं नव्हतं. हे वाक्य दोनदा वाच. पेपरपुरतंच म्हणत नाहीये मी.

धावत साहेबांकडे गेले. त्यांनी आकडे नीट बघितले, खूशही झाले. म्हणाले, पेपरला एक दुरुस्तीची ओळ जोडू, ‘मीडियम आदल्या संध्याकाळपासून कोमट ठेवावे’. पण त्याला संदर्भ काय देणार? मी म्हटलं, ‘सासूबाई, स्वयंपाकघर’ असा द्या. मग ते गंभीर झाले. “तीच तर अडचण आहे, बाई. तुम्ही सासूबाई. लोक म्हणतील, घरातल्या घरात निस्तरलं.” मी म्हटलं, कागदोपत्री मी आता तिची कुणी नाही. “मग तुम्ही कोण?” त्यांनी साधेपणाने विचारलं. मी आकड्यांचे कागद गोळा केले आणि बाहेर आले.

कमिटीची अट अशी आहे. तक्रार करणाऱ्या लॅबच्या बाई सत्तावीस तारखेला येणार. त्यांच्यासमोर प्रयोग तू करायचास, स्वतःच्या हाताने. जमला तर पेपर राहील, ती एक ओळ जोडून. तू आली नाहीस तर मी एकटी भांडेन, पण हरेन, आणि मग पेपरसोबत तुझं नावही जाईल. खोटा धीर देत नाही.

तू एकदा यावंस. चिरंजीव त्या आठवड्यात इथे नाहीत, मी त्याला सरळ विचारून घेतलं. काय सांगितलं ते लिहीत नाही, पहिल्याच पत्रात शब्द दिलाय. घरी यायची सक्ती नाही. संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत सोय करते. लॅबपुरती ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, जंतूंशी बोल.


२६ मार्च, संध्याकाळ

चि. ________ हिस,

हे पत्र टपालात टाकत नाहीये, गेटवर ठेवून जातेय. तुझी गाडी पहाटेची, आणि तू थेट लॅबमध्ये येणार असं कळवलंस. मी पोचेपर्यंत तू एप्रन चढवलेला असशील.

तुझं परवाचं कार्ड पर्समध्ये ठेवलंय. दिवसातून किती वेळा काढते ते सांगत नाही. “बाटलीचं मी खरंच कुठेच लिहिलं नव्हतं? येते. बाबांना सांगा, रात्री मागच्या शेगडीवर पाणी ठेवा, भाजी मी करीन.” वर मॅडम नाही, आईही नाही. नुसती मोकळी जागा. माझ्याकडूनच शिकलीस.

ह्यांना वाचून दाखवलं. एकदा म्हणाले, ऐकू आलं नाही, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तेच म्हणाले तेव्हा मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. मग आत जाऊन कपाटातून ते ऐकायचं यंत्र काढलं, आणि सकाळपासून कानात घालून बसलेत. विचारलं तर म्हणतात, सवय व्हायला नको का.

उद्या त्या बाईंना घाई असली तरी तू घाई करू नकोस. आणि काही कारणाने नाहीच जमलं, तरी रात्री भाजी करायची आहेच.

आत्ता गेटवर सांगून आले, की पहाटे एक बाई येतील, त्यांना हे पत्र आणि लॅबची किल्ली द्या. गेटवरचे दादा तेच आहेत, जुने. म्हणाले, “मॅडम, कोण येणार ते सांगावं लागतं. नियम आहे.”

“माझी सून.”

त्यांनी मान खाली घातली. सगळं माहीत असलेला माणूस. हळूच म्हणाले, “पण मॅडम, त्यांचं तर मोडलं ना?”

“त्या दोघांचं मोडलं,” मी म्हटलं. “आम्हा दोघींना कुणी विचारलंच नव्हतं.”

साहेबांना हे उत्तर त्या दिवशीच द्यायला हवं होतं. सुचायला गेट लागलं.

बाटली ठेवून आले आहे. खालचा कप्पा, डावा कोपरा. सकाळपर्यंत कोमट होईल. तिथली माझी जुनी चिठ्ठी इतक्या वर्षांनी काढताना कागद फाटला, पण गोंद काही निघेना. म्हणून त्याच्यावरच नवीन चिकटवली आहे:

‘ही बाटली माझ्या सुनेची आहे. कुणीही हलवू नये.’